स्वयंपाकघराकडचं वळण

पोलीस ठाणे एल्म पॉइंट, विस्कॉन्सिन. शुक्रवार, सकाळ. जबाब लिहून घेणार सार्जंट कर्ट नायगार्ड.

माझं नाव आर्डिस टॉलेफ्सन, लेलंड टॉलेफ्सनची विधवा. वय चौऱ्याहत्तर. दिसतं त्याहून कमी असं लिही म्हटलं, तर सार्जंट लिहीत नाही. शिक्षण आठवी, गावाबाहेरच्या एका खोलीच्या शाळेत. धंदा आधी इथल्या शाळेत जेवण वाढायचा, आता घरीच. राहणार तळ्याकाठचा रस्ता, लुथरन चर्चच्या मागं, पिवळं घर. मला कुणी बोलावलेलं नाही. आपल्या पायानं ठाण्यात येऊन, सार्जंटच्या समोर बसून सांगते की,

पलीकडच्या खोलीत वेंडेल सोबोटा बसला आहे. काल संध्याकाळी क्लबच्या शर्यतीनंतर तपासणीच्या टेबलावरून एक गाडी नाहीशी झाली. ती आपण चोरली, आणि तिच्या टायरला तेलही आपणच लावलं होतं, असं त्यानं सकाळी येऊन कबूल केलं आहे. ते सगळं खोटं आहे. वेंडेल कधी खोटं बोलत नाही, म्हणून त्याचं खोटंही लोकांना खरं वाटतं. गाडी मी घेतली. ती मी सोबत आणली आहे. या टेबलावर माझ्या लिंबाच्या वड्यांच्या भांड्यात, चांदीच्या कागदाखाली आहे. भांडं पुरावा म्हणून ठेवून घेणार असाल तर आत्ताच सांगा, रविवारी चर्चमध्ये मला ते लागतं.

सार्जंट म्हणाला, "मिसेस टॉलेफ्सन, गाडी वेंडेलची. वेंडेल म्हणतो, मी माझी गाडी चोरली. तुम्ही म्हणता, तुम्ही चोरली. मला नीट पहिल्यापासून सांगा." म्हणून पहिल्यापासून सांगते. याला मी शाळेत सहा वर्षं जेवण वाढलं आहे. तेव्हाही याला सगळं दोनदा वाढावं लागायचं.

जुन्या बोलिंगच्या इमारतीत मागं एक मोठी खोली आहे. तिथं दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या स्लॉट कार क्लबची शर्यत असते. लाकडी ट्रॅक खोलीभर वळणं घेत फिरतो. त्याला सहा खाचा, प्रत्येक खाचेला वेगळा रंग. गाड्या तळहातावर मावतील एवढ्या. खाचेच्या दोन्ही बाजूंनी वीज खेळते. प्रत्येकाच्या हातात एक यंत्र, त्याला बंदुकीसारखा घोडा; तो दाबला की गाडी पळते, जास्त दाबला की वळणावर उडून बाहेर पडते. पळवणारे सगळे पुरुष आहेत, पन्नाशीच्या पुढचे, आणि बहुतेकांची पोटं ट्रॅकच्या कठड्यावर टेकलेली असतात. त्याचा तोल सांभाळायला उपयोग होतो असं ते म्हणतात.

पडलेली गाडी ज्याची त्यानं उचलायची नसते. प्रत्येक वळणावर एक मार्शल उभा असतो, तो गाडी उचलून परत खाचेत ठेवतो. आपली फेरी झाली की आपण वळणावर जाऊन उभं राहायचं, असं पाळीपाळीनं चालतं. मी पळवत नाही. मी फक्त उचलते. खोलीला लागून इमारतीचं स्वयंपाकघर आहे; लेलंड गेल्यापासून स्वयंपाकघराकडचं वळण माझं आहे. पळवणारे ज्यावर उभे राहतात त्या ओट्याला ते अगदी लागून आहे, त्यामुळे गाडी उचलता उचलता ज्याची पडली त्याला दोन शब्द सुनावता येतात. लेलंड गेल्यावर मी गुरुवारी घरी का थांबत नाही, असं विचारल्यावरून सांगते की, त्याचा या गुन्ह्याशी संबंध नाही.

आणखी एक नियम सांगायला पाहिजे, कारण पुढं तो कामाचा आहे. ट्रॅकवर काही भलतंच झालं, गाड्या एकमेकींत अडकल्या, कुणाची बाही अडकली, तर "ट्रॅक!" असं ओरडायचं. ओरडलं की आमची मार्लिस, जी कॉम्प्युटरवर फेऱ्या मोजते, ती वीज तोडते. आणि प्रत्येकानं हातातलं सोडून दोन्ही हात वर करून जागच्या जागी उभं राहायचं. मार्शलनं तेवढं हलायचं. हा हात वर करायचा नियम आमच्या अध्यक्षानं, ड्वेन बुखोल्झनं केला. कारण शर्यत थांबली की आमच्यातला गॉर्डी आपली गाडी बोटानं हळूच पुढं सरकवायचा.

ड्वेन बुखोल्झ म्हणजे तुमचा फिर्यादी. तळ्यावर बोटी विकतो. त्याच्या जाकिटावर छातीवर त्याचं नाव आहे आणि पाठीवर पण आहे, म्हणजे निघून गेला तरी कोण गेलं ते कळावं. हिवाळ्याचा कप सलग सहा वर्षं त्याच्याकडे आहे. हे वाईट बोलणं नाही, ओळख पटावी म्हणून सांगितलं.

वेंडेल सोबोटा याला सगळं गाव ओळखतं. जन्मभर दुधाचा टँकर चालवला. बायको गेली. मुलगी दूर ॲरिझोनात. आठवडाभर तो घरात रेडिओशी भांडतो आणि गुरुवारी माणसांत येतो. गुरुवारी त्याचा शर्ट इस्त्रीचा असतो, बाही मात्र एकच नीट झालेली असते. गाडी पांढरी, दारावर त्यानं स्वतः ब्रशनं गाय काढली आहे. ती सगळ्यांना कुत्रा वाटते. तो कप कधीच जिंकलेला नाही. त्याचे हात थरथरतात, त्यामुळे घोडा कमीजास्त दाबला जातो आणि गाडी पडते. बहुतेक माझ्याच वळणावर पडते, कारण ते वळण अवघड आहे.

आता तेलाचं. पूर्वी सगळेच टायरला विंटरग्रीन नावाच्या पाल्याचं उग्र वासाचं तेल चोळायचे. रबर मऊ होतं, ट्रॅकला चिकटतं, गाडी वळणावर पडत नाही. पण त्या वासानं खोलीला म्हाताऱ्यांच्या दवाखान्याची कळा आली. पुढं बोलिंग खेळणारे म्हणायला लागले की बिअरलाही मलमाची चव येते. इमारतीचा मालक म्हणाला, एक तर तेल जाईल नाही तर तुम्ही. तेव्हा ड्वेननं नियम केला की टायरला तेल सापडलं तर क्लबमधून कायमची सुट्टी. तेव्हापासून तो शर्यतीच्या आधी प्रत्येकाचे टायर नाकाला लावून हुंगतो, आणि शर्यतीनंतर पहिल्या तिघांचे पुन्हा हुंगतो. त्याच्याकडे दुसरं यंत्र नाही. नाक मोठं आहे, पुरतं.

माझी बोटं दुखतात. नाताळानंतर डॉक्टरीणबाईंनी एक मलम दिलं. ते मी सकाळी लावते, झोपताना लावते आणि गुरुवारी क्लबला निघताना लावते, कारण तिथं सारखं वाकून उचलायचं असतं. त्या मलमात काय आहे असं विचारल्यावरून सांगते की, मी डॉक्टर नाही. पण ट्यूब पर्समध्ये आहे. सार्जंटनं ट्यूबवरचं वाचलं, विंटरग्रीन. मग सार्जंटनं माझा हात हुंगला. तसं लिहून घे म्हटलं, तर आधी नको म्हणाला, मग लिहिलं.

गाडी पडली की टायरला धूळ आणि केस लागतात. ती मी अंगठ्यानं पुसते आणि मग गाडी खाचेत ठेवते. लेलंडही असंच करायचा. असं पुसायला कुणी मना केलेलं नाही.

फेब्रुवारीत माझ्या ध्यानात आलं की माझ्या वळणावर पडलेली गाडी परत पडत नाही. जी पडायची ती उठून अशी पळायची की बघत राहावं. शेवटून पहिले असणारे मधे यायला लागले. चांगले पळवणारे पडतच नाहीत, त्यामुळे ते होते तिथंच राहिले. ड्वेननं ट्रॅक पुसून घेतला, वीज मोजली, खिडकी बंद करून पाहिली, मग उघडी ठेवून पाहिली. मार्लिसला म्हणाला, कॉम्प्युटर बिघडलाय. मार्लिस म्हणाली, "कॉम्प्युटर एकट्या तुझ्याच फेऱ्या चुकीच्या मोजतो का, ड्वेन?" वासाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तो भिंतींतच मुरलाय असं सगळे धरून चालले होते.

हे कळल्यावर मी मलम बंद केलं का, असं विचारल्यावरून सांगते की, नाही. डॉक्टरीणबाईंनी बंद करायला सांगितलं नव्हतं.

कुणाला कमी, कुणाला जास्त पुसलं का, असं विचारल्यावरून सांगते की, ज्याची पडेल त्याची पुसली. वेंडेलची जास्त पडायची.

काल हिवाळ्याच्या कपाची शेवटची शर्यत होती. मी लिंबाच्या वड्या नेल्या होत्या. ड्वेननं आधी भाषण केलं, मग टायर हुंगले, मग वड्या हुंगल्या. "आर्डिस, यात लिंबू जरा जास्तच झालंय," म्हणाला आणि चार उचलल्या.

वेंडेलची गाडी पहिल्याच फेरीत माझ्यापाशी पडली.

मी म्हटलं, "आलास?"

तो ओट्यावरून म्हणाला, "आलो."

मी म्हटलं, "असा टँकर चालवत होतास? लोकांच्या दारात दूध पोचायचं की दही?"

म्हणाला, "लोणी. म्हणून तर लोक खूश होते."

मी टायर पुसले, गाडी ठेवली, गेली. शर्यतीत प्रत्येकाला सहाही खाचांतून पाळीपाळीनं पळवावं लागतं; खाच बदलली की दर वेळी सुरुवातीलाच एकदा पडायची, मग पडायची नाही. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "वेंडेल, माझे गुडघे तुझ्या हातांपेक्षा जुने आहेत. काही दया कर." तो म्हणाला, "तू बसून घे ना मग. मी तुझ्या मांडीवर पाडतो." बाजूचे हसले. मी उत्तर दिलं नाही, ही माझ्या हयातीतली पहिलीच वेळ असेल.

ड्वेनची गाडी ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला पूल आहे तिथं उडाली. तिथं गॉर्डी मार्शल होता. त्याच्या एका हातात मोहरीची पिवळी चटणी लावलेलं सॉसेज होतं, ते ठेवायला जागा सापडेपर्यंत ड्वेनची अर्धी फेरी गेली. ड्वेन ओरडत होता, "गॉर्डी! अरे पिवळी खाच! पिवळी! खाणं थांबव!" गॉर्डी म्हणाला, "पिवळा माझा शर्ट पण झालाय, जरा थांब." एवढ्यात वेंडेल पुढं गेला. शेवटपर्यंत पुढंच राहिला. मार्लिसनं नाव वाचलं तर आधी कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण चुकून वाचलं असं वाटलं. मग वाजवल्या. वेंडेल हातातला घोडा सोडायलाच विसरला होता. वीज गेलेल्या ट्रॅकवर तो तसाच दाबून उभा होता.

पहिल्या तीन गाड्या तपासणीच्या टेबलावर ठेवल्या. एकदा तिथं ठेवल्या की तपासणी होईपर्यंत मालकानंही शिवायचं नाही. ड्वेननं वेंडेलची गाडी उचलून नाकाला लावली. मग पुन्हा लावली. मग आमच्या सगळ्यांकडे असा बघायला लागला की जसं काही त्यानं कोलंबसाच्या आधी अमेरिका शोधली.

म्हणाला, "विंटरग्रीन. कुणी शिवायचं नाही. मी कमिटीतल्या दोघांना बारमधून घेऊन येतो. वेंडेल, तू मित्र आहेस, पण नियम म्हणजे नियम."

 वेंडेलनं स्वतःची बोटं हुंगली. त्याला वाटलं असणार, आपल्याच हातून काही झालं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं असं विचारल्यावरून सांगते की, ते लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा मी गाडी घेतली. भांड्यात दोन वड्या उरल्या होत्या, त्यांच्या शेजारी ठेवली, वर कागद दाबला. वेंडेलनं ते पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, सगळे ड्वेनच्या पाठीवरचं नाव वाचत होते.

मी दारापर्यंत पोचले नव्हते तोच ड्वेन परत आला. टेबलावर दोनच गाड्या. आता असल्या वेळी माणूस काय ओरडेल? चोर म्हणेल, धरा म्हणेल, दार लावा म्हणेल. पण ड्वेनला इतक्या वर्षांची सवय. तो सगळा जोर लावून ओरडला, "ट्रॅक!"

झालं. मार्लिसनं आधीच गेलेली वीज पुन्हा तोडली. खोलीतल्या एकूण एक माणसानं हात वर केले. एक जण संडासातून बाहेर येत होता, तो दारातच हात वर करून उभा राहिला, पँट सांभाळायची होती तरी. गॉर्डीनं सॉसेज दातांत धरलं आणि हात वर केले. ड्वेननं पण दोन्ही हात वर केले, कारण नियम त्यानंच केलेला. तो तसाच उभा राहून मानेनं मला दाखवत होता आणि म्हणत होता, "कुणी हलू नका! कुणी हलू नका!" कुणी हललं नाही. मार्शलनं तेवढं हलायचं असतं, म्हणून मी हलले. कोट घातला, टोपी घातली, भांडं उचललं आणि घरी गेले. बर्फ होतं, सावकाश गेले. पळून गेले असं फिर्यादीत लिहिलंय, ते खोडा.

घरी जाऊन मी भांडी घासायच्या साबणानं टायर धुवायला घेतले. मागचा उजवा धुतला. वास गेला. डावा धुवायला घेतला आणि थांबले. का थांबले असं विचारल्यावरून सांगते की, पाणी गार झालं होतं. गरम पाणी नळाला होतं का, असं विचारल्यावरून सांगते की, होतं.

आज सकाळी मार्लिसचा फोन आला. म्हणाली, "आर्डिस, बसलीस का? नसशील तर बस. वेंडेल ठाण्यात गेलाय. इस्त्रीचा शर्ट घालून. सगळं मीच केलं म्हणतोय." मी म्हटलं, "आज शुक्रवार आहे ना?" ती म्हणाली, "हो." वेंडेल शुक्रवारी इस्त्री करत नाही. मी भांडं घेतलं आणि निघाले.

त्यानं खोटं कबूल केलंय याचा पुरावा काय, असं सार्जंटनं विचारलं. मी म्हटलं, "त्याला विचार, तेल कशातनं लावलं." सार्जंट पलीकडे जाऊन आला. म्हणाला, "हिरव्या बाटलीतनं लावलं म्हणतो." मी म्हटलं, "बाटली कुठाय?" पुन्हा जाऊन आला. "तळ्यात फेकली म्हणतो." मी म्हटलं, "कर्ट, तळं डिसेंबरपासून गोठलंय. त्यावर तू स्वतः ट्रक घालतोस. बाटली फेकली असती तर अजून तिथंच वर पडलेली असती." सार्जंट खिडकीतनं तळ्याकडे बघून आला.

मग त्याच्या समाधानासाठी आम्ही गाडी भांड्यातून काढली आणि फाइलच्या पुठ्ठ्यावर ठेवली. चाकं फिरू नयेत म्हणून सार्जंटनं त्यांत पेन्सिल अडकवली. पुठ्ठा तिरका केला. साबणानं धुतलेलं चाक घसरलं, मलमाचं चाक जागचं हललं नाही, आणि गाडी अख्खी गोल फिरून गाईचं तोंड माझ्याकडे झालं. सार्जंट म्हणाला, "कुत्रा आहे ना तो?" मी म्हटलं, "गाय आहे. तू लिही."

एवढ्यात फिर्यादी ड्वेन बुखोल्झ स्वतः ठाण्यात आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, माझा हात मागितला आणि हुंगला. इतक्या वर्षांत एका सकाळी माझा हात दोन पुरुषांनी धरला नव्हता. मग म्हणाला, "चोरीची फिर्याद मी मागं घेतो. पण कप नाही. टायरला तेल सापडलं, मग ते कुणी का लावेना, गाडीवाला बाद. वेंडेलची कायमची सुट्टी."

मी म्हटलं, "ड्वेन, मोहरीचा नियम आठवतो का?"

 सार्जंटला माहीत नाही म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी गॉर्डीनं सॉसेजच्या हातानं ड्वेनची गाडी उचलली होती, मोटरमध्ये मोहरी गेली, ड्वेन हरला. तेव्हा ड्वेननंच कमिटी भरवून नियम करून घेतला की, मार्शलच्या हातून गाडीला जे काही लागेल त्याचा दोष गाडीवाल्यावर येणार नाही, निकाल बदलणार नाही. म्हणजे बदलणार नाही असं ठरलं, पण त्या दिवशीचा आपला हरल्याचा निकाल तेवढा त्यानं बदलून घेतला.

ड्वेन म्हणाला, "ती मोहरी होती."

सार्जंट म्हणाला, "नियमात मोहरी असं लिहिलंय का?"

ड्वेन म्हणाला, "नाही. जे काही, असं लिहिलंय." मग जाकिटाची चेन वर ओढली आणि म्हणाला, "ठीक. कप वेंडेलचा. पण मग आर्डिस, दोष तुझा. तुझ्या वळणावर मी तुला उभं राहू देऊ शकत नाही. आज तुला सोडलं तर पुढच्या गुरुवारी गॉर्डी हाताला लोणी लावून येईल."

हे बरोबर आहे. ड्वेन बोटी विकतो म्हणून सगळंच चूक बोलत नाही. मी म्हटलं, वेंडेलचा गुरुवार राहू दे, स्वयंपाकघराकडचं वळण मी सोडते. तसं सार्जंटनं लिहून घेतलं आहे. ड्वेन म्हणाला, "हातमोजे घालून येशील?" मी म्हटलं, हातमोजे घालून खाचेत गाडी बसत नाही, मी पाहिलं आहे करून.  भांड्यात दोन वड्या होत्या, त्यातली एक त्यानं घेतली आणि गेला. पुरावा खाल्ला असं लिहायचं का, असं मी विचारलं. सार्जंट नको म्हणाला.

पुढच्या गुरुवारी मी काय करणार, असं कुणी विचारलेलं नाही.

माझं सांगणं एवढंच आहे. वेंडेल सोबोटा यानं काहीही चोरलेलं नाही, टायरला काहीही लावलेलं नाही, त्याला काही माहीतही नव्हतं. त्याला घरी सोडावं. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नसणार.

वरचा जबाब सार्जंटनं मला वाचून दाखवला. मला कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं वाचला. इतका मोठ्यानं की भिंतीपलीकडे वेंडेलनंही ऐकला. त्याचे हात थरथरतात म्हणून गाडी माझ्या वळणावर पडते, असं लिहिलंय तिथं आल्यावर वेंडेलनं भिंतीवर थापा मारल्या. सार्जंट वाचायचा थांबला.

वेंडेल पलीकडून म्हणाला, "ते चूक आहे. माझे हात थरथरत नाहीत."

सार्जंट म्हणाला, "मग गाडी का पडते?"

वेंडेल म्हणाला, "मी पाडतो. ती तिथं उभी असते ना. न पडता तिच्यासमोरून गेलो तर ती माझ्याशी बोलत नाही."  मग म्हणाला, "आता ती वळण सोडणार म्हणते. मग मी पडू कुठं?"

सार्जंटनं माझ्याकडे पाहिलं आणि हे जबाबात घ्यायचं का, असं विचारलं. मी म्हटलं, त्याच्या जबाबात घे, माझ्यात कशाला. मग सार्जंटनं, वेंडेल काय म्हणाला ते तुम्हाला ऐकू आलं का, असं विचारल्यावरून सांगते की, नाही, मला कमी ऐकू येतं. त्याला इकडे येऊन पुन्हा सांगायला सांग.

तो आला आणि त्यानं पुन्हा सांगितलं. बरोबर आहे.

आर्डिस टॉलेफ्सन
(भांडं परत मिळालं.)